नजम्यातले बर्फचाचा

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आलो की कतारमध्ये, दोह्याच्या नजमा भागातल्या आमच्या खोलीत लगेच जेवण होत नसे. आधी बातम्या होत. माशाचं कालवण गॅसवर झाकलेलं, भाताला वाफ धरलेली, सगळ्यांना कडकडून भूक लागलेली, आणि चाचा तेलाच्या उलट्या डब्यावर बसून सावकाश चष्मा पुसत असत.

"गप बसा. फिनलंडहून आलंय."

फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, कॅनडाचा वरचा भाग, रशियाचा वरचा भाग. उत्तर ध्रुवाच्या भोवती जी विद्यापीठं आहेत त्यांनी मिळून एक जाळं उभं केलं होतं आणि त्या जाळ्याचं बातमीपत्र चाचांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर येत असे. कुठं उन्हाळी शाळा भरणार, कुठं शिष्यवृत्ती निघाली, बारा महिने गोठलेल्या जमिनीवर घरं कशी बांधायची त्याची परिषद कुठं आहे, रेनडियर पाळणाऱ्या लोकांत राहून कुणाला अभ्यास करायचाय का. चाचा इंग्रजी वाचता वाचता तिथल्या तिथं त्याचं मराठी करून सांगत. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं असे. आत आम्ही रत्नागिरी-रायगडची माणसं घामेजलेल्या बनियनवर बसून ऐकत असू की नॉर्वेतल्या अमुक गावी हिमनद्यांच्या अभ्यासासाठी जागा आहेत, आणि प्रवासखर्चाचा काही भाग मिळेल.

ती खोली चाचांच्या नावावर होती. मालकाकडून त्यांनी घेतलेली, आणि एकेक खाट आम्हाला दिलेली. म्हणजे ते आमचे घरमालकच. त्यांच्या अटी दोनच होत्या. आपला कप आपण धुवायचा आणि शुक्रवारी बातम्यांना बसायचं. पहिली अट मोडली तर ते ओरडत. दुसरी मोडली तर बोलत नसत, आणि ते जास्त जड जायचं.

पाठीमागे आम्ही त्यांना बर्फचाचा म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. पण या बर्फचाचांना एसी सोसत नसे. दोह्यात जुलैमध्ये लोक एसीखाली गोधडी घेऊन झोपतात, आणि आमच्या खोलीत एसीचा खटका चाचांच्या ताब्यात. जरा गार झालं की ते गळ्याला मफलर गुंडाळून शिंकायला लागायचे. आमच्यातला दापोलीचा ड्रायव्हर एकदा म्हणाला, "चाचा, तुमी तिकडं गेलात तर विमानाच्या शिडीवरच खलास व्हाल."

"मी कुठं जातोय? तुम्हाला पाठवायचंय," चाचा म्हणाले, आणि पुन्हा शिंकले.

ते मूळचे रत्नागिरीकडचे. भूगोल घेऊन बी.ए. झालेले, आणि दोह्यात एका सर्व्हे कंपनीत नकाशे छापायच्या मशीनवर वीसेक वर्षं. बातमीपत्र ते वाया गेलेल्या नकाशांच्या कोऱ्या बाजूवर छापून आणत. त्यामुळे ते वाचत असत ध्रुवाकडची बातमी, आणि आमच्यासमोर कागदाच्या पाठीवर अबू हमूर भागातल्या कुठल्यातरी बंगल्याची गटारं असत.

हे बातमीपत्र त्यांच्याकडे येऊ कसं लागलं, ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. एकदा म्हणाले, ऑफिसातल्या एका कॅनडियन साहेबाचं टपाल होतं, साहेब गेला, टपाल येतच राहिलं. एकदा म्हणाले, शाळेत भिंतीवरच्या नकाशाचा वरचा भाग फाटलेला होता, तेव्हापासून तिकडं काय आहे ते बघायचं मनात होतं. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "मी बोलावलं नाही, ते आलं. दारात आलेल्याला कोण परत पाठवतं?"

प्रत्येक बातमी संपली की चाचा चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत आणि विचारत, "कोण पात्र?"

आणि उत्तर द्यावंच लागे. नुसतं 'मी नाही' चालत नसे. पूर्ण वाक्य हवं, कारणासकट. आणि शेवटी शेवटी तर इंग्रजीत.

"मी पात्र नाय, कारण मी रेनडियर पाळत नाय," दापोलीवाला म्हणायचा.

"बकऱ्या पाळल्यास ना?"

"आईनं पाळल्या."

"मग बकऱ्या लिहू. विचारायला काय जातं?"

आणि ते खरोखर विचारत. दापोलीच्या बकऱ्यांबद्दल त्यांनी ऑफिसातून फिनलंडला ईमेल केली होती. तिथल्या ऑफिसातली एक बाई दर वेळी सभ्यपणे कळवायची की दुर्दैवाने या अभ्यासक्रमाला पदवी लागते. चाचा ते उत्तर आम्हाला अशा आनंदानं वाचून दाखवत, जणू आमची निवडच झाली. "बघा, तिनं लिहिलंय, आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार. तुमच्या कंपनीत कुणी मानलेत आभार?"

नव्हतेच मानले.

एखाद्या अर्जाची शेवटची तारीख आली की त्या दिवशी चाचा शेवयांची खीर करत. मी नवा होतो तेव्हा विचारलं, कुणाचा वाढदिवस आहे का. म्हणाले, "ग्रीनलंडची शिष्यवृत्ती आज बंद झाली. आपल्या दारावरून गेली बिचारी. तिच्या नावानं तोंड गोड करा." आम्ही हसलो आणि खीर खाल्ली. नंतर नंतर मलाच महिना सुरू झाला की विचारावंसं वाटे, चाचा, यंदा काय काय बंद होतंय?

मी म्हसळ्याकडचा. आठवीत शाळा सुटली, ती वडील गेले म्हणून. कतारला आलो तेव्हा दोन मुलं झालेली होती, आणि एका छोट्या कंपनीत एसी आणि चिलरच्या, म्हणजे मोठ्या इमारती गार ठेवणाऱ्या यंत्रांच्या, कामावर हेल्पर म्हणून लागलो. मी मुळातच घाबरट. कुणी मोठ्यानं हाक मारली तरी आधी वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. इंग्रजी मला साइटवरचं येत होतं. कम, गो, क्विक, व्हाय लेट, फिनिश. चाचा म्हणायचे, हे हाकलण्याचं इंग्रजी आहे, हे कुणालाही येतं. "बातमीपत्रातलं इंग्रजी बघ. 'वी वॉर्मली वेलकम.' ही बोलावण्याची भाषा. ती शीक."

म्हणून मी ती शिकलो. दुसरं पुस्तकच नव्हतं. मला स्पॅनरचे आकडे इंग्रजीत धड सांगता येत नसत, पण पर्माफ्रॉस्ट म्हणजे बारा महिने गोठलेली जमीन, ते येत होतं. एलिजिबल येत होतं. डेडलाइन येत होतं.

एका उन्हाळ्यात आमची कंपनी बंद करायचं ठरलं. कंपनी ज्या म्हाताऱ्या कतारीच्या नावावर होती तो थकला होता, आणि कारभार बघणाऱ्या त्याच्या पुतण्याला त्यात रस नव्हता. पुतण्यानं सांगितलं, सगळ्यांचे व्हिसा रद्द, तिकिटं काढतो, यल्ला, चला निघा. मला रात्रीची झोप लागेना. गावी माझ्यावर बायको, मुलं, आई आणि धाकटी बहीण. परत जाऊन काय करणार होतो? आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला म्हसळ्यात कोण कशाला बोलावेल?

दापोलीवाल्यानंच बातमी आणली की गॅस प्लांटच्या एका ठेकेदार कंपनीला चिलरवर माणसं हवीत. मुलाखत इंग्रजीत. चाचांनी मला समोर बसवलं आणि घोकंपट्टी काही करून घेतली नाही. नेहमीसारखं बातमीपत्रच वाचलं, फक्त 'कोण पात्र' हे दर वेळी मलाच विचारलं.

मुलाखतीला बाहेर बाकावर पुष्कळ जण होते. आखाती देशांत एक रीत आहे. साहेबानं काहीही विचारलं तरी 'यस सर, नो प्रॉब्लेम' म्हणायचं. क्रेन येते? यस सर. वेल्डिंग? यस सर. एकदा आत शिरा, मग शिका. माझ्या शेजारचा मला हेच समजावत होता आणि मी मान हलवत होतो.

आत एक वयस्कर गोरा साहेब आणि एक फिलिपिनो बाई. साहेबानं विचारलं, तुला वायरिंगचा नकाशा वाचता येतो का?

यस सर म्हणायला मी तोंड उघडलं आणि तोंडातून शुक्रवारचं आलं.

"सर, आय ॲम नॉट एलिजिबल. बिकॉज आय लेफ्ट स्कूल इन एट्थ क्लास."

बाईनं लिहिता लिहिता वर बघितलं. साहेब म्हणाला, मग तू कशाला एलिजिबल आहेस? मी सांगितलं. कॉइल धुणं, गॅसचा दाब बघणं, गळती शोधणं, पाइपावर आवरण चढवणं. आणखी दोन गोष्टी त्यानं विचारल्या. दोन्हींना मी पात्र नव्हतो, दोन्हींचं कारण दिलं, आणि शेवटी काही सुचेना तेव्हा म्हणालो, "थँक यू फॉर युवर इंटरेस्ट." हे फिनलंडची बाई आम्हाला उत्तरात लिहीत असे. मी ते साहेबाला म्हटलं.

घरी येऊन खाटेवर तोंड फिरवून पडलो. दापोलीवाला म्हणाला, "मियाँ, जगात तू पयला मानूस जो नोकरी मागायला जाऊन नापास हाय म्हनून सांगून आला."

चाचा म्हणाले, "पूर्ण वाक्यात सांगितलंस ना?"

"हो."

"मग उत्तर येईल."

आलं. फिलिपिनो बाईचा फोन आला, तुला घेतलंय म्हणून. नंतर कामावर साहेबानं मला एकदा सांगितलं की गॅसच्या ठिकाणी सगळं येतं म्हणणाऱ्या माणसाची त्याला भीती वाटते. पण तेव्हा हे मला माहीत नव्हतं, आणि त्या फोनमध्ये एक अट होती. जुन्या कफिलाकडून रिलीज आणा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिकडं परक्या माणसाचा एक कफील असतो, म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा तो तिथला मालक. त्यानं सही करून सोडल्याशिवाय तुम्हाला दुसरी नोकरी धरता येत नाही, आणि देशाबाहेरही त्याच्या परवानगीनं जायचं. पुतण्या रिलीज द्यायला तयार नव्हता. एकाला दिली की सगळे मागतील, म्हणाला. मी चारदा गेलो, चारदा बुक्रा, उद्या. शेवटी चाचा म्हणाले, पुतण्याला सोड, सही म्हाताऱ्याची चालते. आपण म्हाताऱ्याकडे जाऊ.

म्हातारा समैस्म्याला राहायचा, दोह्याच्या उत्तरेला समुद्रकाठी. दापोलीवाल्यानं आम्हाला त्याच्या पिकअपमधून नेलं आणि तो बाहेर थांबला. म्हातारा बैठकीत तक्क्याला टेकून बसला होता, पुतण्या बाजूला मोबाईल चाळत. चाचांचं अरबी कामचलाऊ, पण अदबीचं. त्यांनी माझं काम सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकलं की नाही कळेना. त्यानं चाचांना विचारलं, तू काय करतोस?

आता कुणीही सांगितलं असतं, नकाशे छापतो. चाचा म्हणाले, मी उत्तरेकडच्या विद्यापीठांच्या बातम्या लोकांना सांगतो.

माझी सही राहिली बाजूला आणि चाचा हिमनद्या, रेनडियर, गोठलेली जमीन असं सुरू झाले. पण म्हातारा तक्क्यावरून पुढं सरकला. उन्हाळ्यात तिथं सूर्य मावळत नाही, असं चाचांनी सांगितलं तेव्हा त्यानं हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला.

"मावळत नाही? मग सूर्यास्तानंतरची, मगरिबची नमाज कधी पढतात?"

चाचांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, मला माहीत नाही. विचारून सांगतो.

"विचार," म्हातारा म्हणाला. "सांगायला ये. मग याच्या कागदाचं बघू."

पुतण्या हसला. परतताना दापोलीवाल्याला मी सगळं सांगितलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. "ह्याचा व्हिसा संपत आला आनि तुमी सूर्य कुटं मावळतो ते शोधताय?"

"प्रश्न बरोबर आहे त्याचा," चाचा म्हणाले. "मला आधी कसा सुचला नाही?"

त्यांनी फिनलंडच्या त्या बाईला ईमेल केली. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पुतण्याचा माणूस तिकिटासाठी पासपोर्टवरचं नाव विचारून गेला होता. चाचा रोज ऑफिसातून आले की मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघे आणि ते मान हलवत. एक दिवस हलवली नाही. बाईनं लिहिलं होतं की मला याचं उत्तर माहीत नाही, पण आमच्या जाळ्यातल्या नॉर्वेच्या एका विद्यापीठात सुदानचा एक विद्यार्थी माशांवर अभ्यास करतो, त्याला विचारून त्याचा नंबर देत आहे, तो बोलायला तयार आहे.

चाचांनी त्याला आपण होऊन फोन लावला नाही. मी म्हटलं, आधी उत्तर विचारून तर घ्या. म्हणाले, "प्रश्न म्हाताऱ्याचा आहे. त्यालाच विचारू दे."

म्हणून आम्ही पुन्हा समैस्म्याला. बैठकीतला फोन स्पीकरवर टाकला. घंटी गेली, पलीकडे कुणीतरी अरबीत सलाम केला आणि म्हातारा, लांबचा फोन म्हणून, ओरडूनच बोलायला लागला. चाचा माझ्या कानाशी त्याचं मराठी करत होते.

मुलगा म्हणाला, आता इथं सूर्य मावळत नाही, आणि हिवाळ्यात उगवत नाही. आम्ही काही जण मक्केच्या वेळा धरतो. घड्याळ तसं लावलंय.

"मक्केच्या," म्हातारा समाधानानं म्हणाला. "बरं केलंत. जमाव असतो का?"

"पाच-सहा जण, काका. हॉस्टेलच्या एका खोलीत."

"जेवतोस काय?"

"मासे."

इथं म्हातारा खूश झाला. कोणते मासे, कसे पकडतात, खारवतात का, हे बराच वेळ चाललं. तरुणपणी तो स्वतः होडीवर होता. मुलगाही मोकळा बोलायला लागला, बऱ्याच दिवसांनी कुणी आपल्या भाषेत चौकशी केल्यासारखा. आईला फोन करतोस का, असं म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा तो जरा थांबून हो म्हणाला.

मग म्हाताऱ्यानं सहज विचारलं, "तिथं तुझा कफील कोण?"

"कफील नाही, काका."

"म्हणजे? तुझा कागद कुणाच्या नावावर?"

"माझ्याच."

"आणि घरी जायचं असलं तर परवानगी कुणाची?"

मुलगा हसला. "तिकिटाचे पैसे जमले की जातो, काका. परवानगी कुणाची लागत नाही."

चाचांनी हे मला मराठीत सांगितलं नाही. गरज नव्हती, तेवढं अरबी मला येत होतं. म्हातारा फोनकडे बघत राहिला. पुतण्याचा अंगठा मोबाईलवर थांबला होता.

"अल्लाह तुला सांभाळो," म्हातारा मुलाला म्हणाला, या वेळी ओरडून नाही. "सुदानला जाशील तेव्हा वाटेत दोह्याला उतर. माझ्याकडे जेव."

फोन ठेवला. मग त्यानं पुतण्याकडे न बघता हात पुढं केला. कागद माझ्याच हातात होता. चाचांनी तो घेऊन त्याच्यासमोर ठेवला. म्हाताऱ्यानं सही केली, शिक्का पुतण्याकडून मागून घेतला आणि स्वतः मारला.

"बाकीचे कुठं आहेत?" त्यानं विचारलं. "याच्याबरोबरचे. त्यांना नोकऱ्या मिळाल्यात का? मिळाल्या तर ये म्हणावं."

मी शुक्रन म्हणालो. बहुतेक तीन-चारदा म्हणालो.

बाहेर दापोलीवाला पिकअपच्या सावलीत उकिडवा बसला होता. माझ्याकडे बघून त्यानं पाठीत एक गुद्दा घातला. गाडी दोह्याच्या रस्त्याला लागली. मी कागद खिशातून काढून बघे आणि परत ठेवी. चाचा मधल्या सीटवर गप्प बसून होते. नेहमी असं काही झालं तर ते बोलून डोकं उठवत, म्हणून मी विचारलं, "चाचा, काय झालं?"

"एक विचारायचं राहिलं त्या पोराला."

"काय?"

"थंडी कशी असते ते." ते समोर रस्त्याकडे बघत होते. "इतकी वर्षं वाचतोय. आज तिथलं माणूस फोनवर होतं."

दापोलीवाल्यानं गाडी बाजूला घेतली, शर्टाच्या खिशातून मोबाईल काढून चाचांच्या मांडीवर ठेवला. "लावा. बॅलन्स हाय माज्याकडं. नंबर बोला."

चाचांनी मोबाईल हातात घेतला. थोडा वेळ तसाच धरला आणि मग त्याला परत दिला.

"नको," ते म्हणाले. "आईची आठवण निघाली होती त्याच्या. आता तिच्याशी बोलू दे त्याला."